इझनॅन लावूनही रिकामा बॉक्स पास होतोय

तुमच्या फॉर्ममध्ये वयाच्या बॉक्सला जावास्क्रिप्टचं इझनॅन (टाकलेलं नंबर नाही ना, हे तपासणारं फंक्शन) लावलंय, अक्षरं टाकली की एरर येते पण काहीच न भरता सबमिट केलं की फॉर्म खुशाल पुढे जातो, बरोबर? इझनॅन आधी त्या स्ट्रिंगचा (म्हणजे टाकलेल्या मजकुराचा) नंबर करून बघतं, आणि रिकाम्या स्ट्रिंगचा, अगदी नुसत्या स्पेसचा पण, नंबर होतो शून्य. म्हणून पास. त्यावर नंबर डॉट इझनॅन लावू नका, ते कन्व्हर्टच करत नाही आणि बॉक्सची व्हॅल्यू कायम स्ट्रिंगच असते, त्यामुळे अक्षरं टाकली तरी फॉल्सच मिळणार.

पार्सइंट (मजकुरातून पूर्णांक काढणारं फंक्शन) पण चेकिंगसाठी नकोच. '१२कखग' दिलं तर ते सुरुवातीचे १२ उचलतं आणि पुढचा कचरा गुपचूप सोडून देतं, पार्सफ्लोटला (हे दशांशासकट नंबर काढतं) '१,२००' दिलं तर स्वल्पविरामाशी थांबून १ देतं. एरर नाही काही नाही, आणि डेटाबेसमध्ये चुकीचा आकडा जाऊन बसतो, हे मला सगळ्यात घातक वाटतं.

आधी ठरवा की तुम्हाला संख्या हवीय की नुसते अंक. फोन नंबर, पिन, ओटीपी हे नुसते अंक, नंबर केलात तर सुरुवातीची शून्यं उडतात, तिथे रेजेक्सच (मजकूर साच्यात बसतो का ते बघणारा पॅटर्न) बरं: कॅरेट (सुरुवात), बॅकस्लॅश डी (अंक), प्लस (एक किंवा जास्त), डॉलर (शेवट). कॅरेट आणि डॉलर विसरलात तर मधे कुठेही एक अंक सापडला तरी मॅच होतं.

वय, रक्कम असेल तर आधी ट्रिम करा (आजूबाजूच्या स्पेस काढा), रिकामं असेल तर तिथेच थांबवा, मग नंबर फंक्शनमधून काढून नंबर डॉट इझफायनाइट लावा, म्हणजे इन्फिनिटी पण अडकते. तरी '१ई३' हे १००० म्हणून पास होईल, ते नको असेल तर इथेही रेजेक्स लावा. वयाला नंबर डॉट इझइंटिजर (पूर्णांक आहे का ते बघतं) आणि किमान-कमाल मर्यादा पण टाका. (इथे अंक देवनागरीत लिहिलेत, कोडमध्ये इंग्रजीच हवेत, कारण देवनागरी अंकांना नंबर फंक्शन नॅन ('नंबर नाही') देतं आणि बॅकस्लॅश डी पण ओळखत नाही. युजर ते टाकणार असतील तर आधी रिप्लेस करून घ्या.)

इनपुटला टाइप नंबर जरूर द्या, पण त्यात उलटसुलट काही टाकलं तर व्हॅल्यू रिकामी स्ट्रिंगच येते, तेव्हा काही भरलंच नाही की चुकीचं भरलं हे कळायला व्हॅलिडिटी डॉट बॅडइनपुट बघा. आणि हेच चेक सर्व्हरवर परत करा, ब्राउझरमधलं जावास्क्रिप्ट कोणीही बंद करू शकतं.