वाचकांचे प्रश्न : बुवांबद्दल काय लिहू?

प्रश्न : आदरणीय सर, सा. न. आमच्या गावच्या फुटबॉल मंडळाचे संस्थापक मागच्या पोळ्याला गेले. पुलगाव-आर्वी शकुंतला रेल्वेवर ते गँगमन होते. अख्खं गाव त्यांना बुवा म्हणायचं. पहिल्या पुण्यतिथीला सामने ठेवले आहेत आणि एक छोटी स्मरणिकाही काढतो आहोत. बुवांचं चरित्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. 'थोर क्रीडाप्रेमी, निःस्वार्थ कर्मयोगी' इथवर आलो आणि अडलो. बुवा सांगायचे, बंगालच्या अकरा जणांनी अनवाणी खेळून गोऱ्यांना हरवलं. हे खरं का?
ता. क. : पहिल्या मॅचला पिण्याच्या पाण्याच्या माठावरून काही वाद झाला होता म्हणतात. मंडळातले मोठे लोक म्हणतात, ते नको घालू.
— एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : बापू, पत्रातली कामाची गोष्ट तू नेमकी ता. क. मध्ये टाकलीस.

आधी सोपं सांगतो. २९ जुलै १९११, कलकत्ता, आयएफए शील्ड या फुटबॉल स्पर्धेची फायनल. मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ नं हरवलं. कप्तान होते शिबदास भादुरी. दहा जण अनवाणी होते, एका सुधीर चटर्जींच्या पायात बूट होते. बुवांनी तेवढे बूट काढून ठेवले, त्यांना माफ आहे. स्मरणिकेत बुवा सांगायचे तसंच छाप आणि खाली बारीक अक्षरात दुरुस्ती दे.

पण बुवांच्या बाबतीत मला आठवतात ते नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी. जन्म १८६९ चा. शाळकरी वयातच कलकत्त्यात पोरं जमवून ते फुटबॉल खेळायला लागले आणि मग एकामागून एक क्लब काढत गेले. त्यातल्या वेलिंग्टन क्लबात त्यांनी मोनी दास या कुंभाराच्या मुलाला घ्यायचं ठरवलं. बड्या घरच्या सभासदांनी नाकं मुरडली. नगेंद्रप्रसादांनी मनधरणी केली नाही, क्लबच मोडला आणि १८८७ मध्ये शोभाबाजार क्लब उभा केला. मोनी दास त्यात खेळला. याच शोभाबाजारनं १८९२ मध्ये ट्रेड्स कपात ईस्ट सरे रेजिमेंटला हरवलं, म्हणजे बुवांच्या त्या गोष्टीच्या १९ वर्षं आधी. नगेंद्रप्रसादांनी काढलेले बाकीचे क्लब कोणाला फारसे आठवत नाहीत. मोडलेला मात्र आठवतो.

म्हणून तो माठ शोध. कोणाच्या घरून आला होता, कोणी उचलून नेला, बुवा काय बोलले, त्या दिवशी मॅच झाली की पोरं तशीच घरी गेली? मंडळाच्या ओट्यावर चारचौघांत विचारशील तर 'काही नाही बे, असंच झालं होतं' एवढंच ऐकायला मिळेल. म्हाताऱ्यांना एकेकटं गाठ. उन्हाळ्यात दुपारची माणसं बाजेवर मोकळी असतात, पोळ्याला अजून अवकाश आहे. ज्यांनी आडकाठी केली त्यांची नावं छापू नको. त्यांचे नातू आज तुझ्याच टीममध्ये खेळत असतील. वाद मात्र गाळायचा नाही, मोठे लोक कितीही म्हणोत.

तारखांसाठी कागद बघ. मंडळ नोंदलेलं असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात त्याची फाइल असते, नक्कल मिळते. १८६० च्या कायद्याप्रमाणे संस्था नोंदवायला किमान सात माणसं लागतात. कार्यकारिणीच्या यादीत नावासमोर धंदाही लिहिलेला असतो. शेतमजूर कोण, गुरुजी कोण, सही कोणाची आणि अंगठा कोणाचा, हे नीट बघ. माझ्या मते चरित्राचा अर्धा मजकूर त्या एका पानावर सापडेल. जन्मतारीख शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मिळेल. ती १ जुलै निघाली तर समज, गुरुजींनी अंदाजानं घातली आहे; नुसतं साल लिही.

आणि रेल्वे विसरू नको. गँगमन म्हणजे दिवसभर टोळीबरोबर रुळांची देखभाल-दुरुस्ती करणारा माणूस. तो संध्याकाळी पुन्हा पोरांमागे धावत होता. पगार किती होता आणि पहिला बॉल कितीला आणला, हे दोन आकडे सापडले तर एकाच वाक्यात शेजारी शेजारी ठेव. 'निःस्वार्थ' लिहायची गरज उरणार नाही. 'कर्मयोगी' तर सोडूनच दे, आजकाल चौकातल्या फ्लेक्सवर वाढदिवसाची पोरंही कर्मयोगी असतात.

प्रश्न : संस्थापकांच्या वेळचा, वादी आवळायचा चामड्याचा बॉल मंडळाकडे आहे. काचपेटीत ठेवताना हवा भरावी का?
— एक वाचक, चांदूर रेल्वे

उत्तर : अजिबात नको. जुनं रबरी ब्लॅडर हवा धरत नाही, आणि धरलीच तर शिवण उसवते. वादी हळूच सैल करा. धुतलेल्या सुती धोतराच्या चिंध्या आकार येईल इतपतच भरा. सरकीचा कापूस नको, उंदीर लागतात. तेल-पॉलिशही नको. पेटीला हवा खेळायला फट ठेवा, नाहीतर श्रावणात बुरशी धरेल. किल्ली शाळेच्या कपाटात ठेवा. मंडळात निवडणूक झाली की जुन्या अध्यक्षाबरोबर किल्लीही जाते.