हेडर इन्क्लूड केलाय, तरी 'अनडिफाईन्ड रेफरन्स' का येतं?

प्रश्न : ताई, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्टॅकचा प्रोग्राम मेन.सी, स्टॅक.सी आणि स्टॅक.एच अशा तीन फायलींत केलाय. मेनमधे हेडर इन्क्लूड केलाय तरी 'अनडिफाईन्ड रेफरन्स टू पुश' येतं. मित्र म्हणाला सरळ स्टॅक.सीच इन्क्लूड कर, केलं, चाललं. मग मेनू.सी वाढवली, तिच्यातही तसंच केलं तर 'मल्टिपल डेफिनिशन'ची रांग लागली. आणि हेडरमधलं 'इंट टॉप;' कॉलेजच्या जुन्या मशीनवर चालतं, घरच्या लॅपटॉपवर नाही. दोन दिवस गेले यात.
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : तुझ्या पुश फंक्शनमधे चूक दिसत नाही, ते परत लिहायच्या फंदात पडू नकोस. एररच्या शेवटी 'एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस' असं येत असेल बघ. एलडी म्हणजे लिंकर, आणि त्याचं नाव दिसलं म्हणजे कंपायलरने त्याचं काम संपवलंय, अडलंय ते जोडणीपाशी. या शेवटच्या ओळीत काही नसतं, खरं दुखणं वरच्या ओळीत असतं आणि मुलं नेमकी तीच सोडून देतात.

जीसीसी, म्हणजे आपला सी भाषेचा कंपायलर, प्रत्येक .सी फाईल वेगवेगळी कंपाईल करतं, एकीला दुसरीचा पत्ता नसतो, प्रत्येकीची आपली एक .ओ फाईल बनते. हेडरमधे फक्त पुश नावाचं फंक्शन आहे, ते एक इंट घेतं, एवढंच लिहिलेलं असतं, म्हणजे पत्रिकेत नाव छापलंय, माणूस मांडवात आलाय का ते लिंकर बघणार. तू फक्त मेन.सी कंपाईल करत होतास, म्हणून पुश सापडलं नाही. व्हीएस कोडमधलं रनचं बटणसुद्धा बहुतेकदा उघडी असलेली एकच फाईल घेतं, त्यामुळे टर्मिनल उघड आणि 'जीसीसी मेन.सी मेनू.सी स्टॅक.सी -ओ स्टॅक' अशी सगळ्या .सी फायलींची नावं दे. हेडरचं नाव द्यायचं नाही.

आता मित्राचा उपाय. .सी फाईल इन्क्लूड केली की तिचा सगळा मजकूर जसाच्या तसा त्या जागी चिकटतो. मेनमधे एक पुश आणि मेनूमधे दुसरं पुश, मग लिंकरने घ्यायचं कोणतं? इथे बरेच जण म्हणतात की इफ-एनडेफचा गार्ड लावला की झालं, पण तो गार्ड एकाच .सी फाईलमधे तोच मजकूर दोनदा येऊ देत नाही एवढंच, दुसरी .सी फाईल कंपाईल होताना सगळं पहिल्यापासून सुरू होतं आणि गार्डला आधीचं काही आठवत नाही. गार्ड ठेवच, पण या दुखण्यावर ते औषध नाही.

टॉपचंही तेच. जुनं जीसीसी वेगवेगळ्या फायलींतले 'इंट टॉप;' गुपचूप एक करून टाकायचं, २०२० मधे आलेल्या जीसीसी १० पासून ते बंद झालं. म्हणजे चूक कॉलेजच्या मशीनवरही होतीच, फक्त झाकलेली होती. हेडरमधे 'एक्सटर्न इंट टॉप;' लिही, म्हणजे टॉप दुसरीकडे कुठेतरी आहे एवढंच सांगितलं, आणि स्टॅक.सीमधे एकदाच 'इंट टॉप = -१;'. खरं तर मेनला टॉपला हात लावायची गरजच नसेल तर हेडरमधून ते काढून टाक आणि स्टॅक.सीमधे 'स्टॅटिक इंट टॉप = -१;' कर, मला तरी हेच जास्त पटतं कारण मग बाहेरून कोणी चुकूनही ते बिघडवू शकत नाही.

लिनक्सवर पुढे कधी एसक्यूआरटीसाठी, म्हणजे वर्गमूळ काढणाऱ्या फंक्शनसाठी, 'अनडिफाईन्ड रेफरन्स' आलं तर कमांडच्या अगदी शेवटी '-एलएम' लाव, म्हणजे गणिताची लायब्ररी जोडली जाते. एसक्यूआरटीला थेट १६ दिला तर बहुतेकदा त्याच्याशिवायही चालतं, कारण जीसीसी उत्तर आधीच काढून ठेवतं, पण १६ च्या जागी युजरने दिलेला आकडा आला की अडतं, आणि मग वाटतं आत्ता तर चालत होतं.

दोन्ही .सी इन्क्लूडच्या ओळी काढून, तिथे स्टॅक.एच घालून बघ. तरी पुश सापडलं नाही तर 'जीसीसी -सी स्टॅक.सी' करून 'एनएम स्टॅक.ओ' चालव, ती कमांड .ओ फाईलमधली नावं दाखवते. पुशच्या आधी टी असेल तर फंक्शन त्या फाईलमधे आहे, म्हणजे कमांडमधे ती फाईल राहिलीय. पुश दिसलंच नाही तर नावाचं स्पेलिंग तपास, पहिलं अक्षर कॅपिटल पडलं तरी लिंकरसाठी ते वेगळंच नाव असतं.