कायदा आणि नोकरी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मिहानमधील एका अमेरिकी कंपनीच्या भारतीय उपकंपनीत मी टीम लीड आहे. वय 46. यंदा बढतीत मला डावलून माझ्याच हाताखाली तयार झालेल्या सहकाऱ्याला पद दिले गेले, आणि ‘या प्रकल्पाला तरुण चेहरा हवा’ असे वरिष्ठांनी मेलमध्ये लिहिले. कंपनीच्या नियमपुस्तिकेत वयावरून भेदभाव होणार नाही असे स्पष्ट छापले आहे. न्यू जर्सीतील माझे दीर म्हणतात, अमेरिकेतच तक्रार करा. तसे करता येईल का?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : ताई, आपल्या दिरांचे म्हणणे त्यांच्या गावापुरते खरे आहे. अमेरिकेत 1967 च्या कायद्यानुसार 20 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला चाळिशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्याला केवळ वयामुळे डावलता येत नाही, आणि आपल्याकडे असलेला मेल तिथे भक्कम पुरावा ठरला असता. परंतु देशाबाहेर हे संरक्षण अमेरिकी कंपनीत किंवा तिच्या नियंत्रणाखालील उपकंपनीत काम करणाऱ्या अमेरिकी नागरिकांनाच मिळते. म्हणजे आपले दीर अमेरिकी नागरिक असून मिहानमध्ये आपल्या शेजारच्या टेबलावर बसत असते, तर त्यांना दाद मागता आली असती; आपल्याला ती मागता येणार नाही.

मग भारतीय कायदा काय देतो? येथे निराशा होते, हे आडपडदा न ठेवता सांगतो. राज्यघटनेचा अनुच्छेद 16 समान संधीची हमी देतो, पण ती सरकारी नोकरीपुरती. खासगी क्षेत्रासाठी सर्व प्रकारच्या भेदभावाला एकत्र बंदी करणारा कायदा आपल्याकडे नाही. जे आहे ते तुकड्यातुकड्यांत आहे. भरती आणि वेतनातील स्त्री-पुरुष भेदाला 1976 च्या समान वेतन कायद्याने आणि आता 2019 च्या वेतन संहितेने मनाई केली, दिव्यांगांसाठी 2016 चा, एचआयव्हीबाधितांसाठी 2017 चा आणि तृतीयपंथीयांसाठी 2019 चा कायदा आला. या यादीत वय कुठेच नाही. ब्रिटनमध्ये मात्र 2010 च्या समता कायद्यात ते आहे, आणि तेही कोणत्याही वयाचे, त्यामुळे ‘तू फार लहान आहेस’ म्हणून नाकारलेला पंचविशीतला मुलगाही तिथे तक्रार करू शकतो, जे अमेरिकेच्या कायद्यात बसत नाही.

एक वाट उरते. गुणवत्तेकडे दुर्लक्ष करून कामगारांच्या एका गटाला झुकते माप देणे ही महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यानुसार अनुचित कामगार प्रथा आहे, आणि औद्योगिक संबंध संहितेतही तिची नोंद आहे. अडचण अशी की या तरतुदी ‘कामगारा’साठी आहेत, व्यवस्थापकासाठी नाहीत. न्यायालय पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम पाहते. तरीही रजा मंजूर करणे आणि मूल्यांकनावर सही करणे ही कामे आपल्याकडे असतील, तर आपले पारडे हलके आहे. नागपुरातील कामगार कायद्याच्या वकिलाला नियुक्तिपत्र दाखवून मगच पाऊल उचला.

तोवर कंपनीच्या मुख्यालयातील तक्रार विभागाला लेखी कळवा आणि नियमपुस्तिकेतील नेमके कलम त्यात उद्धृत करा. अशा पुस्तिका अमेरिकेतील खटल्यांच्या धास्तीने लिहिलेल्या असतात, म्हणून मुख्यालय त्यांकडे इथल्या वरिष्ठांपेक्षा अधिक गांभीर्याने पाहण्याची शक्यता असते. तो मेल मात्र स्वतःच्या खासगी पत्त्यावर पाठवू नका. त्याच कारणाने शिस्तभंगाची नोटीस हाती पडायची. तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचे नाव टिपून ठेवा.

प्रश्न : माझा मुलगा लंडनमधील नोकरीसाठी अर्ज करतो आहे. त्याला मधुमेह आहे. मुलाखतीत ते सांगणे बंधनकारक आहे का?
— एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : नाही. ब्रिटनच्या समता कायद्यानुसार नोकरी देऊ करण्यापूर्वी मालकाने उमेदवाराच्या प्रकृतीविषयी विचारणेच अपेक्षित नाही. अपवाद मोजके आहेत : मुलाखतीसाठी काही खास सोय लागेल का, किंवा त्या कामाचा मूलभूत भाग उमेदवाराला झेपेल का, एवढे विचारता येते. नोकरी देऊ केल्यानंतर वैद्यकीय तपासणी होऊ शकते आणि तेव्हा खरे तेच सांगावे. हा कायदा कर्मचाऱ्यांची संख्या पाहत नाही, त्यामुळे चार जणांच्या कार्यालयालाही तो लागू आहे. अमेरिकेत दिव्यांगत्वाविषयीच्या 1990 च्या कायद्यासाठी किमान 15 कर्मचारी लागतात.