द मूव्ह ऐकायला घेताय? मग सिंगल्सपासून

लगेच अल्बमच्या मागे लागू नका. बर्मिंगहॅमच्या या साठच्या दशकातल्या रॉक बँडचा जीव सिंगल्समध्ये, म्हणजे सुट्या गाण्यांच्या रेकॉर्ड्समध्ये. आधी ‘नाइट ऑफ फिअर’ लावा. चायकोव्हस्कीच्या १८१२ ओव्हर्चरची सुरावट सरळ उचललीय, तरी गाणं बँडचा गीतकार-गिटारवादक रॉय वूड याचंच वाटतं. मग ‘फ्लॉवर्स इन द रेन’. ३० सप्टेंबर १९६७ ला बीबीसी रेडिओ १ सुरू झालं, तेव्हा पूर्ण वाजलेलं हे पहिलं गाणं. (प्रसिद्धीसाठी पंतप्रधान विल्सन यांचं व्यंगचित्र काढलं गेलं, खटला अंगाशी आला, रॉयल्टी धर्मादायाला गेली. हौस महागात पडली!)

‘ब्लॅकबेरी वे’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. अमेरिकेनं मात्र फारसं विचारलंच नाही, त्यामुळे तिकडच्या ‘सर्वोत्तम’ याद्यांवर विसंबू नका. ‘शझॅम’ हा अल्बम जरा जड आहे, शेवटी ठेवा. आणि ईएलओ (मूव्हमधूनच पुढे निघालेला इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा हा बँड) आवडत असेल, तर दोन्ही बँडमध्ये असलेल्या जेफ लिनचं ‘डू या’ आधी मूव्हचं ऐका, मग ईएलओचं.