मुलाच्या मानेतली गाठ साधी आहे की लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर), हे कोणत्या रक्ततपासणीतून कळेल?

एकाही नाही. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, रक्त तपासण्यावरच माझं पोट चालतं, तरी हेच सांगेन.

तुम्ही लिहिलंय की मुलगा 15 वर्षांचा आहे, गाठ महिनाभर आहे, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) नॉर्मल आणि एलडीएच हे पेशींमधलं एन्झाइम थोडं वाढलेलं. त्या एलडीएचने झोप उडवून घेऊ नका. पेशी फुटल्या की ते रक्तात उतरतं. लिम्फोमात वाढतं, तसंच एप्स्टाइन-बार व्हायरसच्या तापातही वाढतं. रक्त काढताना नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या (हिमोलाइज झाल्या) तरी आकडा चढतो. शिवाय मुलांची पातळी मुळात मोठ्यांपेक्षा वर असते, तेव्हा रिपोर्टवरची रेंज कोणत्या वयाची छापलीय ते लॅबला विचारा.

पण नॉर्मल सीबीसीवर निर्धास्तही होऊ नका. हॉजकिन या प्रकारच्या लिम्फोमात ती अनेकदा नॉर्मलच येते. सीबीसीबरोबर स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) मात्र डॉक्टरकडून पाहून घ्या, नुसत्या मशीनवर सोडू नका. त्यात ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) अपरिपक्व ब्लास्ट पेशी किंवा व्हायरल तापातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लिम्फोसाइट्स सापडू शकतात.

आपल्याकडे खरा घोळ टीबीचा. बारीक ताप, रात्रीचा घाम, उतरणारं वजन, वाढलेला ईएसआर (रक्तातली सूज दाखवणारी तपासणी), सगळं टीबी आणि लिम्फोमा दोन्हींत सारखंच. म्हणून 'बघू या' म्हणून अंदाजाने एकेटी (टीबीची औषधं) सुरू करणं मला मुळीच पटत नाही. आधी गाठीतून सुईने नमुना घ्या, सीबीनॅट ही टीबीचे जंतू शोधणारी तपासणीही त्यावरच करा. मात्र सुईच्या तपासणीत काही सापडलं नाही म्हणजे सुटलो असं नव्हे. हॉजकिनच्या गाठीत मूळ कॅन्सरपेशी अगदी तुरळक असतात, बाकी सगळी साध्या पेशींची गर्दी. सुई नेमकी त्या चुकवते. शंका उरली तर अख्खी गाठ काढून बायोप्सी आणि सीडी 30, सीडी 15 सारख्या मार्करसाठी (पेशींवरच्या ओळखखुणांसाठी) इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे त्या खुणा रंगवून दाखवणारी तपासणी, करावी लागते. तुम्ही रक्तात शोधताय ते मार्कर असे गाठीत सापडतात. आणि बायोप्सीआधी स्टेरॉइड नको! गाठ तात्पुरती विरघळते आणि निदान लांबतं.

दोन सेंटिमीटरहून मोठी, रबरासारखी घट्ट, न दुखणारी, चार ते सहा आठवड्यांत न उतरणारी गाठ असेल तर बायोप्सीचा विचार व्हायलाच हवा. छातीचा एक्स-रे अजून काढला नसेल तर या आठवड्यात काढा. आडवं झाल्यावर धाप लागत असेल किंवा चेहरा सुजत असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

गाठ नेमकी कुठे आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. जबड्याखाली असेल तर दात, टॉन्सिल आणि मानेच्या मागे असेल तर डोक्यातल्या उवा हेही बघावं लागेल. कॉलर बोनच्या वर असेल तर लहान असली तरी थांबू नका.