सभ्यपणे सांगून कोणी ऐकत नाही, मग सांगायचं कसं?

‘नीट सांगितलं तर ऐकत नाहीत, आवाज चढवला तर आपणच वाईट ठरतो. मग गप्प बसायचं का?’ समुपदेशनात हा प्रश्न सतत येतो. कधी तो लोकलमध्ये मोठ्या आवाजात रील बघणाऱ्याबद्दल असतो, कधी आपल्या जागेत स्कूटर लावणाऱ्याबद्दल, कधी मीटिंगमध्ये दर वाक्य तोडणाऱ्या सहकाऱ्याबद्दल. सगळ्यांत जास्त मात्र तो सोसायटीतल्या शेजाऱ्यांबद्दल असतो. लोकलमधला माणूस दादरला उतरून जातो. वरच्या मजल्यावरचं कुटुंब रोज लिफ्टमध्ये भेटतं.

वर्षाताई (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) याच प्रश्नासाठी आल्या होत्या. वय ४१, बँकेत नोकरी, परळला चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये घर. वरच्या घरातून रात्री उशिरा आवाज येतात, झोप मोडते, सकाळी सातला निघायचं असतं. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि तेव्हापासून सगळं बिघडलं. वरच्या वहिनी लिफ्टमध्ये तोंड फिरवतात, सासूबाईंना हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही, मुलाला खाली खेळायला कोणी हाक मारत नाही. त्रास होता तिथेच राहिला.

तो मेसेज त्यांनी फोनवर दाखवला: ‘नमस्कार. काही फ्लॅटधारकांना रात्री ११ नंतर फर्निचर सरकवण्याची सवय आहे. सुशिक्षित लोकांकडून ही अपेक्षा नाही. कृपया सिव्हिक सेन्स पाळावा.’ खाली जोडलेले हात. वेळ रात्री ११:४२.

“मॅडम, यात वाईट शब्द कुठे आहे? नमस्कार आहे, कृपया आहे.”

वाईट शब्द नाहीच. पण हा मेसेज वरच्या वहिनींनी कसा वाचला असेल ते पाहू. ‘काही फ्लॅटधारक’ म्हणजे कोण, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. नाव न घेतल्यामुळे त्यांना उत्तर देण्याची सोयही राहिली नाही. ‘सवय’ म्हटल्यावर तक्रार आवाजाची राहत नाही, स्वभावाची होते. ‘सुशिक्षित’ हा तर थेट घरच्या वळणावर ठपका. आणि हे सगळं शंभरेक माणसांसमोर. त्यावर चौघांनी पसंतीचा अंगठा टाकला, म्हणजे चौघे साक्षीदार उभे राहिले. वहिनींच्या यजमानांचं उत्तर दोन मिनिटांत आलं: ‘एवढा त्रास असेल तर बंगला घ्या.’ ते उद्धटच होतं, पण चारचौघांत अपमान झालेला माणूस आधी स्वतःची बाजू सावरतो, खुर्चीचा विचार नंतर करतो.

लिन अँडरसन आणि क्रिस्टीन पिअरसन यांनी १९९९ मध्ये कामाच्या ठिकाणच्या असभ्य वागण्याबद्दल लिहिताना नेमकं हेच मांडलं होतं. अशा वागण्यात दुखावण्याचा हेतू होता की नाही हे स्पष्ट नसतं. समोरचा तो होता असं धरून चालतो, परतफेड करतो आणि प्रकरण पायरीपायरीने चढत जातं. लेखी मेसेजमध्ये ही शक्यता वाढते, कारण लिहिणाऱ्याच्या मनातला सूर त्याला स्वतःला ऐकू येत असतो आणि वाचणाऱ्यालाही तो कळेल असं त्याला वाटतं. जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ईमेलवर केलेल्या प्रयोगांत हा फरक स्पष्ट दिसला.

वर्षाताईंना पहिलं काम दिलं ते नोंदी ठेवण्याचं. सात दिवस, कागदावर चार रकाने: वेळ, कोणत्या खोलीवर, कसला आवाज, किती मिनिटं. त्या आल्या तेव्हा ‘रोज रात्रभर धिंगाणा’ म्हणत होत्या. कागदावर आलं ते असं: सातांपैकी पाच रात्री, हॉलच्या वर, खुर्च्या ओढल्याचा आवाज, साधारण सव्वाअकरा ते पावणेबारा. शिवाय संध्याकाळी वरच्यांच्या लहान मुलाचं पळणं. त्रास खोटा नव्हता, पण आता त्याला हातपाय आले. ‘तुम्ही फार आवाज करता’ यावर कोणीही भांडू शकतं. ‘सव्वाअकराच्या सुमारास हॉलमध्ये खुर्च्या ओढल्याचा आवाज खाली येतो’ यावर भांडायला फारसं काही नसतं.

आणखी एक गोष्ट इथे समजून घ्यावी लागते. बोलण्याचा किंवा टीव्हीचा आवाज हवेतून येतो, भिंत-दारं तो बराच अडवतात. टाइल्सवर ओढलेल्या खुर्चीचा धक्का थेट स्लॅबमध्ये उतरतो आणि खालच्या छतातून बाहेर पडतो. त्यामुळे खुर्ची ओढणाऱ्याला जे किरकोळ ‘खर्र’ वाटतं, ते खाली झोपलेल्याला डोक्याशी वाजतं. म्हणजे वरच्यांना अनेकदा खरंच कल्पना नसते. हे पटल्यावर वर्षाताईंचा सूर आपोआप बदलला. त्यांना गोड बोलायला शिकवावं लागलं नाही.

दरम्यान दुसरं काम: वॉचमन, सफाई करणाऱ्या मावशी आणि लिफ्टमध्ये भेटणारं कोणीही, रोज तिघांशी नजर मिळवून एक वाक्य बोलायचं, आणि हाक मारताना नाव विचारून घ्यायचं. वॉचमनला त्या ‘ए, गेट उघड’ म्हणत, हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. वरच्यांशी ‘आपण’ आणि गेटवर ‘ए’ असेल तर इमारत ते बघत असते. चाळीत सामाईक गॅलरी होती, नळावरची रांग होती. भांडणाच्या आधी शंभर साधी बोलणी झालेली असत. टॉवरमध्ये दार लागतं आणि शेजाऱ्याशी होणारं पहिलं बोलणं हेच तक्रारीचं असतं. माझ्या मते मुंबईतल्या निम्म्या सोसायटी-भांडणांचं मूळ इथे आहे.

मग वरती जायचं ठरलं. वर्षाताई पहिल्यांदा गेल्या त्या मंगळवारी संध्याकाळी साडेसातला, नवऱ्याला बरोबर घेऊन. वहिनी पोळ्या लाटत होत्या, दार अर्धंच उघडलं. वर्षाताई म्हणाल्या, “मी ग्रुपवर तसं लिहायला नको होतं, पण तुमच्याकडूनही आवाज होतोच ना.” दार लागलं. यात तीन गोष्टी फसल्या. वेळ स्वयंपाकाची होती. दोघं जण गेल्यामुळे ते सांगणं न राहता शिष्टमंडळ झालं. आणि ‘पण’ आल्यावर आधीची माफी पुसली गेली.

पुढच्या खेपेला पूर्ण आखणी केली. आदल्या दिवशी वहिनींना वैयक्तिक मेसेज: ‘वहिनी, उद्या रविवारी अकराच्या सुमारास पाच मिनिटं येऊ का? मला तुमच्याशी बोलायचंय.’ नाही म्हणायची मोकळीक यात आहे, ती महत्त्वाची. एकटीने जायचं. माफी आणि विनंती वेगळी ठेवायची, मध्ये थांबायचं. माफीत नेमकं काय चुकलं ते नाव घेऊन सांगायचं. आम्ही ती वाक्यं मोठ्याने चार-पाचदा म्हणून पाहिली, कारण घसा कोरडा पडला की माणूस जुन्याच वाक्यांकडे वळतो:

“वहिनी, ग्रुपवर सगळ्यांसमोर मी ‘सुशिक्षित’ वगैरे लिहिलं, ते चुकलं. आधी तुमच्याकडे यायला हवं होतं. सॉरी.”

इथे गप्प राहायचं. समोरचा रागावून बोलला तरी ऐकून घ्यायचं, खुलासा द्यायचा नाही. वहिनी बोलल्या, बऱ्याच बोलल्या. त्यांच्या मुलीने तो मेसेज वाचला होता, हे त्यांना सगळ्यांत लागलं होतं. बोलता बोलता हेही कळलं की यजमानांची दुसरी पाळी असते, ते घरी पोचतात अकराला आणि जेवण त्यानंतर. मग वर्षाताईंनी एकच मागणी केली: “अकरानंतर खुर्च्या ओढल्या की खाली खूप जोरात येतं. काही करता येईल का?” मुलाच्या पळण्याचा विषय त्या दिवशी काढायचा नाही, हे आधीच ठरलं होतं. एका बैठकीत दोन तक्रारी गेल्या की ऐकणारा यादी मोजायला लागतो.

उपाय वर्षाताईंनी वहिनींनाच सुचवू दिला. खुर्चीच्या पायांना लावायचे रबरी बुश हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतात, पण ते आपणच घेऊन गेलात तर तो आहेर टोमण्यासारखा लागतो. वहिनी स्वतःच म्हणाल्या, “रबर लावून बघते.” दहा मिनिटांत वर्षाताई उठल्या.

अपमान सगळ्यांसमोर झाला होता, म्हणून ग्रुपवरही दोन ओळी टाकल्या: ‘मागे आवाजाबद्दल मी इथे जे लिहिलं ते चुकीच्या पद्धतीने लिहिलं. संबंधितांशी समक्ष बोलले आहे, विषय मिटला आहे.’ जुना मेसेज पुसण्याचा उपयोग नव्हता. व्हॉट्सॲपवर साठ तासांनंतर तो स्वतःला सगळ्यांसाठी पुसताही येत नाही, आणि आधी पुसला तरी ‘डिलीट केला’ अशी खूण राहते.

हे सगळं करूनही समोरचा बधला नाही तर? मग सेक्रेटरींकडे लेखी अर्ज, त्यात नोंदींच्या त्याच तारखा आणि वेळा, एकही विशेषण नाही. स्पीकर, डीजे, उशिरापर्यंत चाललेली पार्टी असेल तर प्रकार वेगळा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्र म्हणजे १० ते ६, निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. तेव्हा आधी इंटरकॉमवर वॉचमनमार्फत निरोप, नाही ऐकलं तर पोलिसांना ११२ वर फोन. तिथे संकोच करू नये. हक्काचं मागताना आवाज खाली ठेवला म्हणजे पुरे. खुर्चीच्या आवाजासाठी मात्र पोलीस बोलावले तर झोप मिळेल न मिळेल, शेजार नक्की जातो.

वर्षाताईंकडे खुर्च्यांचा आवाज बराच कमी झाला. झाला त्याच आठवड्यात त्यांनी वहिनींना सांगितलं, “फरक पडलाय, थँक्यू.” हे सांगायला लोक विसरतात, मग रबर झिजल्यावर नवं लावायची कोणाला आठवण होत नाही. यजमान अजून बोलत नाहीत. त्यांना वेळ लागेल, कदाचित नाहीच बोलणार. मुलाचं पळणं चालू आहे, वय वर्षं चार. वर्षाताईंनी ते रात्री दहापर्यंत सोसायचं ठरवलंय, आणि त्यानंतर चालू राहिलं तर कोणत्या रविवारी, कोणत्या वाक्याने विषय काढायचा, हे त्यांनी स्वतःच लिहून आणलं होतं.