बारा कुटुंबं शेजारी-शेजारी राहून आठवड्यातून तीनदा एकत्र जेवणार असतील, तर पाळ्या आणि प्रमाण कसं ठरवावं?

हिशेबासाठी असं धरते: बारा घरांत मिळून २४ मोठी माणसं, ६ मुलं, आणि मंगळवार, गुरुवार, रविवार अशी तीन रात्रींची जेवणं.

प्रत्येक घराचं स्वतःचं स्वयंपाकघर मात्र राहू द्या. डेन्मार्कमध्ये १९७२ साली हिलेरोडजवळ सेटेडामेन ही अशीच एकत्र जेवणाऱ्या शेजाऱ्यांची वसाहत उभी राहिली. तेव्हापासून अशा वसाहतींत घरोघरी ओटा असतोच, त्याशिवाय एक मोठं सामायिक स्वयंपाकघर असतं. घरी सोय असली की एकत्र जेवायला येणं खुशीचं राहतं. सक्ती केलीत तर त्याची मेस होईल.

पाळी घराच्या नावाने लावू नका, माणसाच्या नावाने लावा. हे मी आग्रहाने सांगते. ‘तीन नंबरच्या घराकडे मंगळवार’ असं लिहिलं की तो मंगळवार त्या घरातल्या बाईच्या गळ्यात पडतो. आठ आठवड्यांत २४ जेवणं होतात. प्रत्येक जेवणाला तिघं लागतात: एक मुख्य, एक मदतनीस, एक मागची आवराआवर आणि भांडी करणारं. एकूण ७२ पाळ्या, म्हणजे २४ जणांना प्रत्येकी तीन, प्रत्येक काम एकदा. ज्याला स्वयंपाक येत नाही त्याने पहिल्या फेरीत दोनदा मदतनीस व्हावं आणि एखाद्या हौशीने दोनदा मुख्य. पण न येणाऱ्याला कायमचं भांड्यांवर बसवू नका. तसं केलंत तर वर्षभरात सगळे पुरुष मोरीशी आणि सगळ्या बायका ओट्याशी अशी वाटणी होऊन बसते.

आपल्याकडे खरी अडचण पोळ्यांची आहे. तिकडे डेन्मार्कमध्ये पाव किंवा बटाट्यांवर भागतं, म्हणून दोघं-तिघं सहज सगळ्यांचं रांधतात. इथे ३० पानांना सरासरी तीन धरल्या तरी ९० पोळ्या, म्हणजे ३ किलो कणीक. एकटं माणूस लाटून भाजत असेल तर दीड-दोन तास त्यातच जातात, आणि पहिल्या पोळ्या तोवर गार. तेव्हा दोन वारांना पोळीच ठेवू नका: मुगाची खिचडी आणि कढी, मसालेभात आणि मठ्ठा, इडली-सांबार, पावभाजी. पोळीच्या दिवशी एक तर नगावर पैसे घेणाऱ्या पोळीवाल्या मावशींना सांगा, नाहीतर पोळ्या ज्याच्या त्याने घरून आणाव्यात. दुसरा मार्ग टिकतो, पण त्यात घरचं काम वाचत नाही.

प्रमाण कच्च्या शिध्याचं सांगते, ३० पानांचं. पोळी असेल तर तांदूळ १ किलो ८०० ग्रॅम, नुसता भात असेल तर सव्वादोन किलो. आमटीला तूरडाळ १ किलो, त्याची साधारण सहा लिटर आमटी होते. फळभाजी निवडण्याआधी ४ किलो, उसळीला कोरडी मटकी सव्वा किलो. खिचडीला २ किलो तांदूळ, १ किलो मूगडाळ. दहा-बारा लिटरचा कुकर, पंधरा लिटरची दोन पातेली आणि वजनकाटा एवढं हवंच. कुकरमध्ये डाळ-पाणी मिळून निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका. फेस झडपेत अडकतो.

चार माणसांच्या कृतीला साडेसातने गुणलं की हमखास बिघडतं. मोठ्या पातेल्यात पाणी तितकं आटत नाही, म्हणून भाताला घरी दुप्पट पाणी घालत असाल तर इथे पावणेदोन पट पुरतं. फोडणीचं तेल आणि तिखट हिशेबाने येतं त्याच्या निम्म्यावरून सुरू करा. मीठ आधी पाऊण घाला, उरलेलं चव बघून. मोठ्या पातेल्यात ते सारखं पसरायला पाच मिनिटं लागतात. घातल्या घातल्या चाखून पुन्हा घातलं की खारट झालंच.

कांदा-लसूण न खाणारे असतील तर डाळ साध्या हिंग-जिऱ्याच्या फोडणीची करा, आणि लसणीची फोडणी वेगळ्या वाटीत ठेवा. सामिष ठेवायचंच असेल तर पातेली, पळ्या, घासणी सगळं निराळं. तारखा ठरवताना कालनिर्णय समोर घ्या. एकादशी-चतुर्थीला निम्मी पानं कमी होतात.

नावनोंदणी दोन दिवस आधी, रात्री नऊपर्यंत. त्यानंतर रद्द केलं तरी पैसे द्यायचे, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. नंतर लावला की तो कुणा एकावर रोख धरल्यासारखा वाटतो. तांदूळ, डाळी, तेल महिन्याला एकदम सामायिक पैशांतून आणा. भाजी मुख्य माणसाने आणावी, पावती त्याच रात्री वहीत लावावी. पाच वर्षांखालच्या मुलांचं काही घेऊ नका, बारापर्यंत निम्मं.

उरलेल्या भाताबद्दल कडक राहा. त्यातल्या जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि ते पुन्हा गरम करून जात नाही. उरलेला भात लगेच परातीत पसरून गार करायचा आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. ही जबाबदारी आवराआवर करणाऱ्याची, आणि उशीर झाला असेल तर टाकून द्यायचा अधिकारही त्याचाच.